उत्तर कॅनडातली खाण आणि तिथवर जाणारी वाट

एडमंटनला खाण अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्याने विचारलं आहे: "वर्गातल्या प्रकल्पासाठी आम्हाला नुनावूतच्या पश्चिम भागातला तांबे-जस्ताचा एक साठा दिला आहे. यलोनाइफ शहरापासून साधारण साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला, आसपास एकही रस्ता नाही. समुद्र दोन-अडीचशे किलोमीटरवर. वर्षाला तीन लाख टन कॉन्सन्ट्रेट (खनिज दळून, धातूचा अंश वाढवून केलेली भुकटी) काढायचं धरलंय. हिशेब केला तर बारमाही रस्ता दर टनामागे सगळ्यात स्वस्त पडतो. मग तिकडच्या खाणी बर्फावरचे रस्ते, विमानं, बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू होड्या) या भानगडीत का पडतात? आणि माझ्या साठ्यासाठी मी काय निवडू?"

याच भागातल्या खाणींच्या मालवाहतुकीचं नियोजन हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची बेरीज-वजाबाकी बरोबर असेल, पण तुम्ही सुरुवात किलोमीटरपासून केली आहे. उत्तरेत किलोमीटर शेवटी मोजायचे. आधी कागदावर दोन आकडे मांडायचे: खाणीतून वर्षाला किती टन बाहेर जाणार आणि किती टन आत येणार. मग त्या दोन्हींसमोर कॅलेंडर ठेवायचं आणि कुठल्या महिन्यात कुठली वाट उघडी असते ते बघायचं. एवढं केलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

बाहेर जाणाऱ्या मालापासून सुरुवात करू. यलोनाइफच्या ईशान्येला लाक द ग्रा या तलावाकाठी एकाटी (१९९८) आणि डायविक (२००३) या हिऱ्यांच्या खाणी सुरू झाल्या. वर्षाला सत्तर लाख कॅरट हिरे निघाले तर त्यांचं वजन होतं १४०० किलो. अख्ख्या वर्षाचं उत्पादन छोट्या विमानातून थोडं थोडं करून सहज बाहेर जातं. (यातला बराच कच्चा हिरा पुढे पैलू पाडायला सुरतेला पोचतो.) सोन्याचंही तसंच. म्हणून हिरे आणि सोन्याच्या खाणी रस्त्याविना जगू शकतात. लोखंड, जस्त, तांबे, निकेल यांचं तसं नाही. तिथे बाहेर जाणारा माल लाखो टनांत असतो आणि तोच वाट ठरवतो. रस्ता नसलेल्या जागेतली सोन्याची खाण उभी राहिली म्हणून तांब्याचीही राहील असं गृहीत धरणारे अहवाल मी पाहिले आहेत, म्हणून हे आधी सांगतो.

आता आत येणारा माल. यात सगळ्यात मोठा वाटा डिझेलचा. तिकडे वीजवाहिन्या नाहीत, त्यामुळे खनिज दळायची गिरणी, पंप, कँपची ऊब, डंपर सगळं डिझेलवर. शिवाय स्फोटकांसाठी अमोनियम नायट्रेट, सिमेंट, टायर, गिरणीचे पोलादी गोळे आणि यंत्रांचे सुटे भाग. मध्यम आकाराच्या खाणीला वर्षाला पाच कोटी लिटर डिझेल लागतं असं धरा. सुपर-बी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जोड-टँकरमध्ये सुमारे ४८ हजार लिटर मावतं. म्हणजे हजाराहून जास्त फेऱ्या. हिवाळी रस्ता साठ दिवस चालला तर रोज सतरा-अठरा टँकर, फक्त डिझेलचे. हेच डिझेल हर्क्युलिस या मालवाहू विमानाने न्यायचं ठरवलं, तर एका फेरीत सुमारे २० टन जातात, म्हणजे चोवीस हजार लिटर. दोन हजारांवर उड्डाणं लागतील, वर्षभर रोज पाच-सहा, आणि प्रत्येक उड्डाण स्वतःही इंधन जाळणार. विमानाचा पर्याय इथेच संपतो. माणसं, भाजीपाला, तातडीचा सुटा भाग यांच्यासाठी विमान लागतंच. कामगार दोन-दोन आठवड्यांच्या पाळीने उडत येतात-जातात, आणि प्रत्येक खाणीची स्वतःची धावपट्टी असते. पण ठोक माल आकाशातून नेऊन खाण चालत नाही.

हायब्रिड एअरशिपबद्दल (हेलियम भरलेलं फुग्यासारखं मालवाहू यान) वर्गात कोणीतरी विचारेलच. कल्पना चांगली आहे, पण खाणीला नियमित माल पुरवणारी एकही एअरशिप अजून कामात नाही. तुमच्या अहवालात तिला एका ओळीपेक्षा जास्त जागा देऊ नका.

बर्फावरच्या रस्त्याबद्दल मात्र मन लावून लिहायला हवं, कारण तुमच्या प्रश्नातली "भानगड" हीच आहे, आणि ती भानगड अतिशय विचारपूर्वक बांधलेली आहे.

टिबिट-कंट्वायटो हिवाळी रस्ता १९८२ मध्ये ल्युपिन सोन्याच्या खाणीसाठी पहिल्यांदा बांधला गेला. यलोनाइफहून निघणारा इंग्रॅम ट्रेल जिथे संपतो तिथे, टिबिट तलावापासून, तो सुरू होतो. सुमारे ८५ टक्के वाट गोठलेल्या तलावांवरून जाते. उरलेली वाट दोन तलावांमधल्या जमिनीच्या पट्ट्यांवरून, त्यांना पोर्टेज म्हणतात. दर हिवाळ्यात तो नव्याने बांधायचा आणि वसंतात तो विरघळून जाणार. जानेवारीअखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला उघडतो, मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला बंद. आठ-दहा आठवडे मिळाले तर बरं वर्ष म्हणायचं.

डिसेंबरमध्ये हलकी, पाण्यातही तरंगणारी पट्ट्यांची वाहनं जमिनीत डोकावणारं रडार ओढत तलावांवरून फिरतात आणि बर्फाची जाडी मोजत जातात. पाठोपाठ साचलेला हिम बाजूला सारला जातो. हिम हे उत्तम पांघरूण आहे, ते काढलं की खालचा बर्फ भराभर जाड होतो. कमी पडेल तिथे पंपाने तलावाचंच पाणी वर उपसून ओततात. रडारच्या आकड्यांची खात्री करायला मधूनमधून गिरमिटाने आरपार भोक पाडायचं, त्यातून मोजपट्टी सोडायची, टोकाची आडवी काडी बर्फाच्या तळाला अडकली की वरचा आकडा वाचायचा. अशा भोकाजवळ उभं राहून भरलेला टँकर येताना एकदा बघावं. ट्रक अजून बराच लांब असताना भोकातलं पाणी हळूहळू वर चढायला लागतं, जवळून जाताना काठापर्यंत येतं, आणि तो पुढे गेला की सावकाश खाली बसतं. बर्फ ओझ्याखाली वाकतो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. मीटरभर जाडीचा, दगडासारखा कठीण दिसणारा बर्फ, आणि तो वाकतो.

सगळे नियम या वाकण्यातूनच आले आहेत. ट्रक पुढे सरकतो तशी बर्फाखालच्या पाण्यात एक लाट तयार होते. ट्रकचा वेग त्या लाटेच्या वेगाशी जुळला तर बर्फावरचा ताण एकदम वाढतो, आणि किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात लाट उलटून परत येते तेव्हा बर्फ फुटू शकतो. म्हणून भरलेल्या ट्रकला तलावावर ताशी २५ किलोमीटरची मर्यादा, आणि पोर्टेजवर चढता-उतरताना त्याहूनही कमी. दोन ट्रकमध्ये ठरलेलं अंतर ठेवायचं, आणि ट्रक तीन-चारच्या ताफ्याने ठरावीक वेळाने सोडायचे.

किती जाड बर्फ किती वजन पेलेल, याचं सूत्र कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या लॉर्न गोल्ड यांच्या कामातून आलं: वजन किलोत, जाडी सेंटिमीटरमध्ये, आणि वजन बरोबर एक स्थिरांक गुणिले जाडीचा वर्ग. सावध स्थिरांक ४ धरला तर १०० सेंटिमीटर बर्फावर ४० टन. पूर्ण भरलेल्या सुपर-बीचं एकूण वजन ६३.५ टन. सावध हिशेबाने त्याला सव्वा मीटरहून थोडा जास्त बर्फ हवा. प्रत्यक्षात सुमारे १०७ सेंटिमीटरवर तो जाऊ देतात, म्हणजे स्थिरांक साडेपाचच्या आसपास. एवढी जोखीम घेता येते कारण मोजणी, भेगांची पाहणी आणि वेगावरची नजर रात्रंदिवस चालू असते. ती यंत्रणा नसेल तर साडेपाच वापरायचा अधिकार नाही, हे विद्यार्थ्यांनी पक्कं लक्षात ठेवावं. आणि जाडीचा वर्ग असल्यामुळे बर्फ दहा टक्के पातळ झाला तर क्षमता जवळजवळ एकोणीस टक्के घटते. उबदार हिवाळ्यात काय होतं ते यावरून कळेल.

तसा हिवाळा २००६ मध्ये आला. बर्फ हवा तेवढा जाड झालाच नाही आणि सुमारे सहा आठवड्यांत रस्ता बंद करावा लागला. अडकलेला माल नंतर महिनोन्महिने विमानांनी न्यावा लागला, त्याचा खर्च प्रचंड होता. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, त्याच रस्त्यावरून १०,९२२ भरलेले ट्रक गेले, सुमारे ३ लाख ३० हजार टन माल. तो उच्चांक होता. लागोपाठच्या दोन वर्षांत एवढा फरक. म्हणून मी प्रत्येक नियोजनात एक स्वतंत्र पान "मोसम निम्म्यावर बंद पडला तर" या प्रश्नाला देतो: इंधनाच्या टाक्या किती मोठ्या, कोणता माल पहिल्या पंधरा दिवसांत पोचलाच पाहिजे, कोणता मागे राहिला तरी चालेल. डायविकने २०१२ मध्ये ९.२ मेगावॉटच्या पवनचक्क्या उभारल्या त्याही मी वाहतुकीच्या खात्यातच धरतो. तिथे वाचलेलं प्रत्येक लिटर डिझेल म्हणजे बर्फावरून न न्यावं लागलेलं ओझं.

बऱ्याच जणांना वाटतं की तलाव वितळले म्हणून रस्ता बंद होतो. अनेकदा आधी हात टेकतात ती पोर्टेज. मार्चमध्ये ऊन चढलं की उघड्या पडलेल्या काळपट जमिनीवरचा बर्फ जातो आणि चिखल होतो, शेजारच्या तलावावर मात्र मीटरभर बर्फ शाबूत असतो. त्यामुळे पोर्टेजवर हिम राखण्यासाठी घेतलेली मेहनत मोसमाचे शेवटचे दिवस वाचवते.

आता तुमचे तीन लाख टन या रस्त्यावर ठेवून बघा. एका ट्रकला ४० टन धरले तर साडेसात हजार भरलेल्या फेऱ्या, साठ दिवसांत, म्हणजे रोज सव्वाशे. तीन-चार खाणींची गरज भागवताना या रस्त्याने गाठलेला उच्चांक अकरा हजारांच्या आत आहे. एकटी तुमची खाण त्याचा बहुतेक भाग खाऊन टाकेल. "उत्तरेकडून ट्रक रिकामेच परततात, त्यांत भरून आणू" हा विचार तुमच्या मनात येईल, सगळ्यांच्याच येतो. पण परतीचे ट्रक रिकामे म्हणून वेगात येतात, आणि त्यावरच सगळं वेळापत्रक बसलेलं असतं. ते भरले की तेही ताशी २५ वर येणार, बर्फावरचा भार दोन्ही दिशांनी पडणार, आणि ट्रकच्या फेऱ्या कमी होणार. थोडा माल असा आणता येईल, तीन लाख टन नाही.

तेव्हा तुमच्या साठ्याची वाट समुद्राकडे जाते. कॉन्सन्ट्रेटच्या खाणींनी उत्तरेत हेच केलं आहे, आणि त्यातल्या दोन-तीन नीट अभ्यासण्यासारख्या आहेत.

अलास्कातली रेड डॉग ही जस्ताची खाण १९८९ पासून चालू आहे. खाणीपासून चुक्ची समुद्रावरच्या बंदरापर्यंत सुमारे ८४ किलोमीटरचा बारमाही खडीचा रस्ता. ट्रक वर्षभर कॉन्सन्ट्रेट बंदरावर आणतात, पण जहाजं येतात ती उन्हाळ्यातले जेमतेम शंभर दिवस. उरलेल्या काळातला माल बंदरावरच्या अवाढव्य बंद गोदामांत साठतो. किनारा उथळ, मोठं जहाज जवळ येत नाही, म्हणून बार्जमध्ये भरून खोल पाण्यातल्या जहाजावर चढवायचा. गोव्यातल्या वाचकांना हे लगेच समजेल: मांडवी-झुआरीतून बार्जने खनिज आणून मुरगावला मोठ्या जहाजावर चढवणं आणि पावसाळ्यात सगळं थांबणं, त्याचंच हे ध्रुवीय रूप. रेड डॉगचा रस्ता केप क्रुझेनस्टर्न या संरक्षित क्षेत्रातून जातो. ट्रकांमधून उडालेली शिसं-जस्ताची धूळ रस्त्याकडेच्या शेवाळात सापडली, आणि मग झाकणांचे ट्रक आणावे लागले. तुम्ही झाकणबंद ट्रकांचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा.

बॅफिन बेटावरच्या मेरी रिव्हर लोहखनिज खाणीतून १०० किलोमीटर रस्त्याने माल मिल्न इनलेटला येतो, आणि २०१५ पासून तिथून जहाजं जातात. कंपनीला तिथे रेल्वे टाकून उत्पादन दुप्पट करायचं होतं. पाँड इनलेट गावच्या इनुइट (तिथले मूळ रहिवासी) शिकाऱ्यांचा विरोध होता: जहाजं वाढली तर नारव्हाल व्हेलचं काय? फेब्रुवारी २०२१ मध्ये काही शिकाऱ्यांनी कडाक्याच्या थंडीत धावपट्टी आणि रस्ता अडवून धरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने तो विस्तार नाकारला. अभियांत्रिकीत त्या रेल्वेचं काही अडलेलं नव्हतं.

लॅब्राडोरमधल्या व्हॉइझीज बेच्या निकेल खाणीचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. तिथे हिवाळ्यातही बर्फ फोडणारं जहाज येतं. पण तोच समुद्रबर्फ इनुइट लोकांचा रस्ता आहे, ते त्यावरून स्नोमोबाइलने शिकारीला आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. जहाज गेलं की त्यांचा रस्ता कापला जातो. म्हणून करारातच ठरलं: बर्फ धरायच्या काळात आणि वसंतातल्या शिकारीच्या काळात जहाज यायचं नाही, आणि जहाज गेल्यावर फुटलेल्या पट्ट्यावर तरंगते पूल टाकून ओलांडायची जागा करून द्यायची. ज्यांची वाट आपण तोडणार त्यांच्याशी आधी बोलून हे ठरवलं गेलं, आणि म्हणूनच ते टिकलं.

रेल्वेबद्दल थोडक्यात. स्वीडनमधल्या किरुनाचं लोखंड १९०२ पासून नॉर्वेतल्या नार्विकच्या न गोठणाऱ्या बंदरावर रेल्वेने जातं, कारण माल प्रचंड आहे आणि साठा पिढ्यान् पिढ्या पुरणारा. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये डबे घसरले तेव्हा मार्ग कित्येक आठवडे बंद राहिला आणि खनिजाचे ढीग साचत गेले. कॅनडातली हडसन बे रेल्वे २०१७ च्या पुरात वाहून गेल्यावर तिच्या टोकाच्या चर्चिल बंदराला सुमारे दीड वर्ष गाडी नव्हती. दहा-बारा वर्षांच्या साठ्यासाठी रेल्वेचा विचार करू नका.

आता तुमचा बारमाही रस्ता. दक्षिणेला यलोनाइफपर्यंत जोडायचा, तर मधे पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन. तिथे रस्ता खोदून करता येत नाही. वरचा शेवाळाचा थर फाटला की खालचा बर्फ वितळतो आणि जमीन खचत जाते. त्यामुळे न खोदता, जमिनीवर कापड अंथरून, हिवाळ्यातच भराव आणून टाकायचा. इनुविक ते टक्टोयाक्टक हा १३८ किलोमीटरचा रस्ता असाच बांधला, नोव्हेंबर २०१७ मध्ये उघडला, खर्च सुमारे ३० कोटी डॉलर. आणि तो सरकारने बांधलेला सार्वजनिक रस्ता. तुमच्या हिशेबात किलोमीटरमागचा दर काय धरलाय ते या आकड्याशी ताडून बघा. मला शंका आहे की तुम्ही अल्बर्टातल्या खडीच्या रस्त्याचा दर घेतला असावा.

शिवाय तुमच्या साठ्याच्या आसपास बाथर्स्ट कॅरिबूंचा (रानटी रेनडिअरचा एक कळप) वावर आहे. हा कळप १९८६ मध्ये सुमारे ४ लाख ७० हजारांचा होता, २०१८ पर्यंत जेमतेम आठ हजारांवर आला. घट होण्याची कारणं एकच एक नाहीत. पण डेने, त्लिचो आणि इनुइट या तिथल्या मूळ समाजांनी स्वतःची शिकार थांबवली किंवा अगदी कमी केली असताना त्या प्रदेशातून नवा रस्ता काढायचा, तर त्यांना काय उत्तर देणार हे अहवालात असायलाच हवं. मला हा मुद्दा परवान्याच्या प्रकरणात शेवटी टाकलेला अजिबात आवडत नाही. वाटेची आखणीच त्यावरून बदलते: विणीच्या जागा टाळायच्या, कळप जवळ आला की वाहतूक थांबवायची, आणि त्या थांबण्याचे दिवस क्षमतेतून आधीच वजा करायचे.

मग निवडायचं काय? तुमच्या वर्णनाशी जुळणारा खरा साठा आहे: इझॉक लेक. तांबे आणि जस्ताने समृद्ध, अनेक दशकं माहीत असलेला, आणि अजून तसाच पडून, मुख्यतः वाट नाही म्हणून. त्या भागासाठी उत्तरेच्या समुद्रकिनाऱ्यावर ग्रेज बेला बंदर आणि तिथून दक्षिणेकडे सुमारे २३० किलोमीटरचा रस्ता असा प्रस्ताव बरीच वर्षं चर्चेत आहे. तुमचा प्रकल्प त्यावर बेता. शोधकाम विमान आणि हिवाळ्यातल्या तात्पुरत्या वाटेवर. बांधकामाची जड यंत्रं टिबिट-कंट्वायटोला जोडलेल्या फाट्याने दक्षिणेकडून, एक-दोन हिवाळ्यांत. उत्पादन सुरू झालं की कॉन्सन्ट्रेट आणि डिझेल दोन्ही उत्तरेच्या बंदरातून, तेच जहाज डिझेल उतरवून माल घेऊन जाईल इतकं जमवता आलं तर उत्तम. बंदरावर नऊ-दहा महिन्यांच्या कॉन्सन्ट्रेटचं बंद गोदाम आणि वर्षभराहून जास्त इंधनाच्या टाक्या धरा. गोदामात अडकून पडलेल्या मालाचं व्याजही धरा, विद्यार्थी ते हमखास विसरतात.

रस्ता एकट्या खाणीच्या पैशातून उभा राहील असं मांडू नका. तो शेजारचे साठे आणि इनुइट संस्था यांच्यासह, सरकारी भांडवल धरूनच जमतो. त्लिचो प्रदेशात व्हाती गावाला जोडणारा ९७ किलोमीटरचा बारमाही रस्ता २०२१ मध्ये झाला तो गावासाठी, आणि जवळच्या खनिज प्रकल्पाला त्याचा आपोआप फायदा आहे. बारमाही रस्ता पहिल्या पर्यायात नको, पण सरकारने बांधला तर काय बदलेल असा एक स्वतंत्र तक्ता जोडा.

दोन्हीकडच्या मालाचं महिनावार कोष्टक तयार झालं की ते इथेच टाका. फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबर या दोन खिडक्यांमध्ये सगळं बसतंय का, ते मी तपासून देईन.